माझ्या नावावरची भीती

आमच्या मनोहररावांना विमानाची भीती वाटते. हे फक्त मला माहीत होतं, आणि मनोहररावांना मात्र ते अजिबात मान्य नव्हतं. ‘विमानातून देश दिसत नाही,’ असं म्हणत त्यांनी मला आमच्या शॉमबर्गच्या घरून अर्धी अमेरिका गाडीने फिरवली. भारतात जाताना झोपेची गोळी घेऊन जे डोळे मिटत, ते मुंबईलाच उघडत. मग त्यांची बायपास झाली, आणि डॉक्टरांनी गोळी बंद केली.

त्यानंतरच्या जानेवारीत डॅलसजवळच्या अर्विंगला आमच्या लेकीला, अनयाला, दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली. रस्ते बर्फाने बंद होते. मी विमानाची तिकिटं काढली. मनोहरराव दोन दिवस रस्ते उघडतायत का ते बघत होते, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले की, बंडू बरोबर येणार असेल तरच मी येईन. बंडू हा आमचा कुत्रा, बीगल जातीचा आणि खादाड. त्याची सगळी व्यवस्था मी करतो, असंही ते म्हणाले. ही व्यवस्था काय आहे ते मला थेट विमानतळावर कळलं.

बंडूच्या अंगावर मदतनीस कुत्र्यांना घालतात तसलं, इंटरनेटवरून मागवलेलं लाल जाकीट होतं. मनोहररावांनी काउंटरवर एक चिठ्ठी दिली. तिथल्या मुलीने ती वाचली आणि लहान बाळाशी बोलावं तशी माझ्याशी बोलायला लागली. घाबरू नका, तुमचा कुत्रा पूर्ण प्रवासात तुमच्या पायाशीच राहील, वगैरे. तेव्हा उलगडा झाला. मराठी मंडळातल्या एका डॉक्टर मित्राकडून यांनी गप्पांच्या ओघात लिहून घेतलं होतं की, सुहासिनीबाईंना, म्हणजे मला, विमानात पॅनिक अटॅक येतात आणि बंडू त्यांचा मानसिक आधार आहे; अशी चिठ्ठी असली की कुत्र्याला विमानात आपल्यापाशी बसू देत. तीस वर्षं मी ऑपरेशन थिएटरमध्ये लोकांना भूल दिली. आता घरच्याच माणसाने मला दिली होती.

“अहो, माझं नाव का घातलंत?” मी हळूच विचारलं.

“मग काय माझं घालू? बरं दिसतं का ते, सुहास?”

मला इतका राग आला की बंडूचं जाकीट काढून यांनाच चढवावंसं वाटलं. पण तिथे तोंड उघडलं असतं तर हे पार्किंगमधून गाडी काढून सरळ घरी गेले असते, आणि नातीला बघायला मी एकटीच गेले असते. मला तिला या माणसाबरोबर बघायचं होतं. म्हणून मी गप्प बसले.

विमान सुटलं आणि आमचा मानसिक आधार थरथर कापायला लागला. तो सीटखाली शिरला आणि त्याने असा सूर लावला की मागच्या रांगेतली मुलंही रडायची थांबली. मनोहरराव वाकून त्याला थोपटत होते, “काही होत नाही राजा, ढग आहेत नुसते,” असं समजावत होते. पलीकडचे गृहस्थ कुत्र्याच्या केसांनी डॅलसपर्यंत शिंकत होते, त्यांच्यापुढे मला फार लाज वाटली. आणि सगळे सहानुभूतीने बघत होते ते माझ्याकडे. हवाईसुंदरीने मला न मागता दोनदा पाणी आणून दिलं.

इथवर मी हसून सोडून दिलं असतं. पण कुत्रा का आणतोय याचं कारण म्हणून मनोहररावांनी तीच थाप फोनवर अनयालाही मारली होती. विमानतळावर जावई निहार माझा दंड धरून चालू लागला. घरी त्याची आई, आमच्या विहीणबाई उत्तराताई, नागपूरहून आधीच आल्या होत्या. बाळाला न्हाऊ घालणं, शेकणं, सगळं त्यांच्या ताब्यात होतं. मी हात धुऊन पुढे झाले, तर अनयाने बाळ उचलून बाबांच्या मांडीवर दिलं.

“आई, तू आधी रिलॅक्स हो ना. उभ्याने नको घेऊस तिला, प्लीज.”

संध्याकाळी मी बाळाला घेऊ का विचारलं, तर विहीणबाई म्हणाल्या, कशाला ताण घेता, पडा जरा. दुसऱ्या दिवशी सकाळी अनया माझ्याजवळ बसून सांगायला लागली की, इथे एक चांगली काउन्सेलर आहे, लाजायचं काही कारण नाही. मी खोलीत गेले आणि रडले. माझ्या मुलीला माझ्या हातांचा भरवसा वाटत नव्हता, हे मला फार लागलं. मनोहरराव चष्मा शोधत आत आले आणि मला बघून दारातच थांबले. काय झालं ते मी त्यांना सांगितलं. चष्मा शोधायचा सोडून ते बाहेर गेले.

बाहेर विहीणबाई डिंकाचे लाडू वळत होत्या आणि निहार लॅपटॉप घेऊन बसला होता. मनोहररावांनी घसा साफ केला. बायपासला नेताना होता तसाच त्यांचा चेहरा होता.

“अनया, भीती मला वाटते. विमानाची, पहिल्यापासून. तुझ्या आईला कशाचीच वाटत नाही, माझीसुद्धा नाही. चिठ्ठीत मी तिचं नाव घातलं, कारण मला लाज वाटली.”

विहीणबाईंनी हातातला लाडू ताटात ठेवला. मग विहीणबाई म्हणाल्या, “त्यात काय एवढं? निहारचे बाबा विमानात माझा दंड काळानिळा करतात. फक्त चारचौघांत म्हणतात, हिला धीर देत होतो.” निहार आधी हसला, मग अनया, आणि शेवटी मनोहररावही. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण एवढं बोलणं त्या माणसाला किती जड गेलं असेल ते मला कळत होतं, आणि मला त्यांचा अभिमानच वाटला.

अनया उठली. “सॉरी, आई,” म्हणाली आणि लेकीला आणून माझ्या ओंजळीत ठेवलं. एवढासा जीव, मुठी घट्ट मिटलेल्या, जावळ अजून ओलं. माझे हात खरोखरच थरथरायला लागले, पण आता ते कोणाला सांगायची सोय राहिली नव्हती.