मागे न सरता

नवऱ्याची बॅग तिच्याकडे परत आली तेव्हा आत कॅमेरा नव्हता, नुसती भिंगं आणि किरकोळ सामान होतं. एक एकवीस मिलिमीटरचं, एक अठ्ठावीसचं. दोन्ही रुंद कोनाची, आणि दोन्हींवर साधा ओरखडासुद्धा नाही. कॅमेरा नवऱ्याच्या हातात होता, तो त्याच्याबरोबर तिसऱ्या मजल्यावरून खाली गेला.

दोघं एकाच ऑफिसात कामाला. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं खातं. तो खोल्यांचे फोटो काढायचा, आणि ते फोटो नि मापं पुढ्यात घेऊन ती नकाशे काढायची. त्या दिवशी कॅमेऱ्याला नेहमीचं, अरुंद कोनाचं पन्नासचं भिंग होतं. खोली काही त्यात मावेना. भिंग बदलायचा कंटाळा केला असेल, किंवा एवढ्यात होऊन जाईल असं वाटलं असेल. तो एक पाऊल मागे सरला, मग आणखी एक. मागे गॅलरी होती. गॅलरीला कठडा नव्हता. रुंद भिंगांची बॅग खोलीतच जमिनीवर होती.

तिथल्या कामावरच्या मुकादमाने हे सगळं तिला चाचरत सांगितलं. तिने ते एखाद्या भिंतीची लांबी-रुंदी ऐकावी तसं ऐकून घेतलं. मग माणसांची रीघ लागली. बाया गळ्यात पडून म्हणाल्या, "रडून घे गं, मोकळी हो." तिने सगळ्यांना चहा दिला. दाढ काढल्यावर गाल कसा आपला वाटत नाही, चावला तरी कळत नाही, तसं तिचं झालं होतं. फरक इतकाच की सात आठवडे झाले तरी बधिरपणा उतरायचं नाव घेत नव्हता.

"ती भिंगं विकून टाक," सासूबाई म्हणाल्या. "डोळ्यांसमोर नकोत मला."

"बघते, आई," ती म्हणाली, आणि भिंगांची बॅग घेऊन कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याकडे गेली. त्याला सगळे डॉक्टर म्हणत, कारण तो पांढरा कोट घालायचा आणि प्रत्येक कॅमेरा कानाला लावून खटका ऐकायचा. नवऱ्याचं त्याच्याकडे वर्षानुवर्षांचं जाणं-येणं होतं. तिला बघताच तो उठून उभा राहिला. मग त्याने तिच्यासाठी स्टूल पुसलं.

"यांना बसेल असा कॅमेरा हवाय, डॉक्टर. साधा. फिल्मचाच."

"विकायचीत ना ही? मी समजलो..."

"नाही. चार खोल्यांचे फोटो राहिलेत. माझा नकाशा अडलाय."

डॉक्टरने तिच्याकडे क्षणभर पाहिलं, आणि मग तो कामाला लागला. ते त्यालाही सोपं गेलं. त्याने कपाटातून तीन कॅमेरे काढून कापडावर मांडले.

पहिला चकचकीत, उजेड मोजणारा. त्याने तो उघडून आतली बारीक दांडी दाखवली. "उजेड ही दांडी मोजते. पण तुमच्या एकवीसचं बूड आत खोल जातं, थेट फिल्मपुढच्या पडद्याच्या नाकाशी. लावायला गेलात की दांडीचं कंबरडं मोडलंच म्हणून समजा."

"मग नको."

दुसऱ्यात अंतर जुळवायची खिडकी होती. डोळा लावला की एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसत. भिंगाचं कडं फिरवून त्या एकावर एक आणायच्या. "नाजूक काम आहे, पण मस्त आहे," तो म्हणाला. "फक्त ही खिडकी अरुंद. भिंगाला दिसेल त्याच्या निम्मंही तुम्हाला दिसणार नाही."

"अंतर मला टेपने मोजता येतं. रोज तेच करते."

"मग हा घ्या." त्याने तिसरा पुढे सरकवला. काळा, बसका, जेवणाच्या डब्याएवढाही नाही. बघायला खिडकीच नव्हती. "आंधळा आहे बिचारा. एक पडदा, एक खटका, बाकी शून्य. पण रुंद भिंगाला लागतंय काय? भिंगाचं छिद्र आठवर ठेवा, अंतर दोन मीटरवर. हाताच्या अंतरापासून लांबपर्यंत सगळं स्वच्छ. फोटोत काय येतंय ते बघायचा छोटा चष्मा वर खाचेत बसतो, तो बॅगेत असेलच."

तो होता. डॉक्टरने मागचं झाकण उघडून कॅमेरा दिव्यासमोर धरला. पडद्याला कुठे भोक नव्हतं. मग त्याने खटका कानाशी ऐकला आणि कॅमेरा तिच्याही कानाला लावला. "कसा वाटतो?"

"ठीक," ती म्हणाली. बरेच दिवस ती सगळ्यालाच ठीक म्हणत होती.

ऑफिसातल्या साहेबांनी परवानगी द्यायला आढेवेढे घेतले, पण तिला तोंडावर नाही म्हणायची त्यांची छाती झाली नाही. सकाळी दहाला ती मुकादमाबरोबर त्या इमारतीत गेली. गॅलरीला आता बांबू आडवे बांधले होते. मुकादम दारातच घुटमळला. "बाई, ही गॅलरीची खोली राहू द्या. मी दुसऱ्या कोणाकडून करवून घेतो."

"टेपचं टोक धरा," ती म्हणाली.

आधी तिने बाकीच्या तीन खोल्या केल्या. मग त्या खोलीत जाऊन आतल्या कोपऱ्यात पाठ भिंतीला टेकवून उभी राहिली आणि छोट्या चष्म्याला डोळा लावला. सगळं आलं. दोन्ही भिंती, छताच्या तुळया, दार, दारापलीकडची गॅलरी, बांबू. मागे सरायची गरजच नव्हती. तिने खटका दाबला. फिल्म पुढे सरकवली, पुन्हा दाबला. पाठीला भिंतीचा गारवा लागत होता, तेवढं मात्र तिला कळलं.

डॉक्टरने फोटो धुऊन दिले. एकात तिच्या चपलेचं टोक आलं होतं. "रुंद भिंगाला आपले पाय सांभाळावे लागतात," तो म्हणाला आणि घाईने फोटो पाकिटात भरू लागला.

घरी तिने फोटो टेबलावर पसरले आणि नकाशाची कोरी जागा भरायला घेतली. सासूबाई मागे येऊन कधी उभ्या राहिल्या ते तिला कळलं नाही.

"कुठे होता तो?"

तिने पेन्सिलीचं टोक फोटोतल्या दारापलीकडे ठेवलं. सासूबाईंनी चष्मा नीट केला, वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आई, मला काहीच वाटत नाही," ती म्हणाली. हे तिने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. "तिथे उभी होते, तरी नाही."

सासूबाई खुर्ची ओढून बसल्या. "मला तरी कुठे वाटतं? लोक आले की रडते. ते आशेने येतात ना." त्यांनी तो फोटो उचलून खिडकीच्या उजेडाकडे धरला. "पोटच्या पोरासाठीही काही वाटू नये, असं कसं होतं गं?"

तिने थोडं सरकून टेबलाशी जागा केली.

"या खोलीची लांबी सांग," सासूबाई म्हणाल्या. "मी लिहून घेते."

"चार मीटर दहा."

"चार, दहा," त्यांनी लिहिलं. "पुढे?"