डॉक्टरांच्या वाटचे फटके

मोराव्हियातल्या त्या छोट्या ग्लायडिंग क्लबात दोन उन्हाळे ओल्द्रिखने पडेल ते काम केलं. बिनइंजिनाचं ग्लायडर वर खेचणाऱ्या विंच यंत्राची दोरी ओढून आणली, पंख धरून धावला, धावपट्टीचं गवत कापलं. इतकंच काय, संडास धुण्याची पाळीही बिनबोभाट घेतली. पण संध्याकाळी शेकोटीपाशी बिअर घेऊन तो बसला, की आजूबाजूची तोंडं गपकन मिटत. त्यांचा तरी काय दोष? गावात दातांचा डॉक्टर एकच, आणि तो हाच.

आज तो पहिल्यांदा एकटा उडणार होता. एकट्याने उडून आलेल्याला ओणवं करायचं आणि सगळ्यांनी पार्श्वभागावर एकेक सणसणीत फटका हाणायचा, ही क्लबची रीत. त्याशिवाय माणूस क्लबातला होत नाही. ओल्द्रिखला उडण्यापेक्षाही या फटक्यांची आस होती.

आणि नेमकं उडायच्या आधी, हँगरमागे दोरी गुंडाळताना शिक्षक राडोवानचं बोलणं त्याच्या कानावर पडलं.

"डॉक्टरांना नका रे मारू. बरं दिसत नाही. हात मिळवू, फुलं देऊ, झालं."

ओल्द्रिखचं तोंडच उतरलं. वर आभाळात एकटा असतानाही त्याला तेच खुपत राहिलं. उतरला मात्र इतका अलगद, की चाक कधी टेकलं हे त्यालाही कळलं नाही.

सगळे धावत आले आणि शहाण्यासारखे ओळीत उभे राहिले.

"अभिनंदन, डॉक्टरसाहेब!" राडोवानने फुलं पुढे केली.

ओल्द्रिखने ती घेतलीच नाहीत. ग्लायडरच्या नाकावर हात टेकून तो सरळ ओणवा झाला.

"अहो, हे काय?"

"माझ्या खुर्चीत बसून सगळ्यांनी मनातल्या मनात मला शिव्या घातल्यात ना? मग लावा रांग! आणि जो हळू मारेल, त्याला पुढच्या खेपेला भूल मिळणार नाही."

मग विंच चालवणारी क्वेता बाह्या सरसावत आली. मागच्याच महिन्यात त्याने तिची अक्कलदाढ उपटली होती.

"सरका रे! पहिला मान माझा."

फटका असा बसला, की ओल्द्रिखच्या डोळ्यांत पाणी आलं. मागे एकच ढकलाढकली सुरू झाली.

"मला दोन! माझे दोन दात गेलेत!"

राडोवान खाली वाकून पाहायला लागला. "ओल्द्रिख, अजून अर्धी रांग बाकी आहे. फार दुखतंय का रे?"

"फार," ओल्द्रिख म्हणाला, आणि कधी नव्हे इतका सुखावून आणखी थोडा खाली वाकला.