हँडल उजवीकडे

पहाटे पावणेसहाला कर्वेनगरमधल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या मोटारसायकलचा हॉर्न वाजू लागला आणि वाजतच राहिला. गाडीजवळ कोणी नव्हतं. आठवड्यातली ही तिसरी वेळ.

गाडीचे मालक शरच्चंद्र तिसऱ्या मजल्यावरून जिने उतरून पोचेपर्यंत आवाज थांबला होता. वॉचमन आनंद गाडीशेजारी उभा होता.

"काय केलंस?"

"मी पाण्याची मोटर लावायला मागं गेलो होतो काका. पळत आलो, हँडल धरून हलवलं, तशी गप झाली."

वरच्या गॅलरीतून हिंमतराव वाकून बघत होते. शरच्चंद्रांच्या समोरच्या घरात राहणारे, मूळचे अकोल्याचे, सोसायटीचे सेक्रेटरी.

"शरच्चंद्रराव, तुमची गाडी भूपाळी फार छान गाते हो!"

"आपल्याला उठवायला कोणीतरी हवंच होतं."

दुपारपर्यंत फलकावर सूचना लागली. ‘ज्यांच्या गाड्या मालकांच्या आधी उठतात, त्यांनी त्या आपापल्या घरात झोपवाव्यात. निर्णय रविवारी दहाच्या बैठकीत.’

निर्णय काय होणार हे शरच्चंद्रांना न सांगता कळत होतं. पार्किंगमधून गेली की गाडी रस्त्यावर आणि रस्त्यावर ठेवण्यापेक्षा विकलेली बरी. बँकेची नोकरी संपली तरी गाडी होती म्हणून ते कोणालाही न विचारता कुठेही जाऊ शकत होते. दोन महिन्यांपूर्वी भाजी आणताना त्यांना चक्कर आली आणि घरातही तोच विषय सुरू झाला. "बाबा, आता पुरे. कॅब करत जा," असं मुलगा सलिल हिंजवडीहून दमून आल्यावरही न चुकता म्हणे. पत्नी मंदाकिनी काहीच म्हणत नसत. हेल्मेट तेवढं माळ्यावर टाकून देत.

शरच्चंद्रांचा संशय हिंमतरावांवर होता. नवी मोटार घेतल्यापासून त्यांची नजर पार्किंगमधल्या या गाडीच्या कोपऱ्यावर होती. पण संशय बैठकीत मांडता येत नाही. त्यासाठी बिघाड सापडायला हवा.

शनिवारी दुपारी ते बनियनवर खाली बसले. या गाडीचा हॉर्न कुठल्याशा मेकॅनिकने पूर्वीच थेट बॅटरीला जोडला होता. चावी बंद असली तरी त्यात वीज असायची. बटण दाबलं की बटणाची वायर गाडीच्या लोखंडाला टेकायची आणि हॉर्न वाजायचा. म्हणजे ती वायर आणखी कुठेतरी टेकत होती. त्यांनी हॉर्न काढून त्या जागी एक छोटा बल्ब लावला, वस्ती गोळा होऊ नये म्हणून. बटण सोडवून पाहिलं. बल्ब विझलेलाच. वायरी हलवल्या, टाकीखालचा जोड तपासला, पाणी शिंपडून पाहिलं. बल्ब विझलेलाच.

कंटाळून त्यांनी गाडी भिंतीपासून बाहेर ओढली आणि वळवायला हँडल पूर्ण उजवीकडे नेलं. बल्ब लागला.

हँडल सरळ केलं, विझला. पुन्हा उजवीकडे, लागला. हँडलच्या मुळाशी वायरीचं प्लास्टिक घासून तांबं उघडं पडलं होतं.

आनंदचं वाक्य त्यांना आता नीट ऐकू आलं. हँडल हलवलं, तशी गप झाली. रोज रात्री ते स्वतः हँडल डावीकडे वळवून लॉक करत. उजवीकडे ते आपोआप जाणं शक्य नव्हतं. लॉक उघडायला चावी लागते. चाव्या दोनच. एक त्यांच्या उशाखाली असे, दुसरी घरात, देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्यावर.

चिकटपट्टी हातात होती. ती त्यांनी खिशात घातली. वायर उघडीच ठेवली, हॉर्न जागेवर बसवला आणि हँडल डावीकडे लॉक केलं.

"सापडलं का हो काही?" जेवताना मंदाकिनींनी विचारलं.

"जुनी गाडी आहे. एवढ्यात कसलं सापडतंय."

सलिल ताटातून मान वर न काढता म्हणाला, "मग उद्या बैठकीत काय सांगणार, बाबा?"

"बघू."

झोपण्यापूर्वी त्यांनी खिळ्यावरच्या चावीचा पितळी बिल्ला फिरवून आकड्याची बाजू भिंतीकडे केली.

रविवारी पावणेसहाला हॉर्न वाजला. मंदाकिनींचं अंथरूण रिकामं होतं, पण त्या रोजच पाचला उठत. शरच्चंद्रांनी चष्मा लावला आणि अंधारातच दार गाठलं. ते जिना उतरत असताना लिफ्ट वर गेली.

खाली कोणी नव्हतं. लॉक उघडलेलं होतं, हँडल पूर्ण उजवीकडे. त्यांनी ते सरळ केलं. हॉर्न थांबला. लिफ्टच्या दारावर तीनचा आकडा होता.

तिसऱ्या मजल्यावर दारं दोनच. हिंमतरावांच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. पाण्याची मोटर लावून आनंद मागोमाग जिना चढून आला आणि म्हणाला, "साहेब काल सगळ्यांना घेऊन लेकीकडं विश्रांतवाडीला गेलेत काका. बैठकीपर्यंत येतो म्हणाले."

घरात दिवा लागला होता. मंदाकिनी ओट्यापाशी चहा गाळत होत्या. न्हाणीघरात नळ चालू होता आणि आतून सलिल खाकरला. हॉर्न कशाचा, हे दोघांपैकी कोणीच विचारलं नाही.

"दहाची बैठक ना?" मंदाकिनी म्हणाल्या. "चहा घ्या, गार होतोय."

चावी खिळ्यावर होती. बिल्ल्यावरचा आकडा समोर दिसत होता.