तिसरं व्हायोलिन

"शनिवारी सुट्टी नाही जमायची," स्क्रीनवरची नजर न काढता ती म्हणाली. "नवी सिस्टीम सुरू होतेय. सगळे लागतील."

"अगं, पण माझं काम गुरुवारीच संपतंय."

"आणि काही अडलं तर?"

विभागातले सगळे तिला मॅडम म्हणत. तो एकटाच 'अगं' म्हणे, कारण सोळा वर्षांपूर्वी दोघं एकाच दिवशी या कंपनीत लागली होती. ती चढत चढत विभागप्रमुख झाली. तो होता तिथेच राहिला. साडेपाचच्या ठोक्याला बॅग उचलायचा आणि घरी जाऊन व्हायोलिन बनवायचा. वाजवायचा नाही, बनवायचा. पहिली दोन बिघडली. तिसऱ्याला चार वर्षं लागली. ते शनिवारी संध्याकाळी त्याच्या शेजारची मुलगी भर सभागृहात वाजवणार होती.

हे सांगताना त्याचा चेहरा नुसता फुलून आला होता. केबिन तिची, शब्द तिचा, आणि हेवाही तिलाच वाटावा? मागच्या महिन्यात कंपनीच्या अंकासाठी एक फॉर्म आला होता. 'छंद' या रकान्यात तिनं 'वाचन' लिहिलं. मग शेवटचं पुस्तक कोणतं वाचलं ते काही केल्या आठवेना, म्हणून खोडलं. नवरा डोकावून म्हणाला, "लिही की, मीटिंगा!" तो हसला, ती हसली नाही.

"बरं," केबिनमधून निघताना तो म्हणाला. भांडलासुद्धा नाही. तेच तिला जास्त झोंबलं.

शनिवारी सगळं सुरळीत पार पडलं. पाचला तिनं बाकीच्यांना घरी सोडलं. त्यालाही म्हणायला हवं होतं, जा, अजून पोचशील. शब्द ओठांपर्यंत आले.

"तू थांब जरा," तोंडातून भलतंच निघालं. "एकदा सगळं तपासून घेऊ."

सहाला त्याच्या बायकोचा फोन आला. "हं, धर तसाच, स्टेजकडे," असं म्हणून त्यानं फोन टेबलावर ठेवला. आधी खुर्च्या सरकल्या, कुणीतरी खोकलं. मग व्हायोलिन सुरू झालं. फोनमधून बारीक, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं. तो कान देऊन ऐकत होता. ती केबिनच्या दारात येऊन उभी राहिली.

"वरची तार कर्कश लागतेय," तो स्वतःशीच पुटपुटला. "तारांखालची घोडी थोडी तासायला हवी."

वादन संपलं, टाळ्या झाल्या.

"आज तुझं इथं काहीच काम नव्हतं," ती म्हणाली.

"माहितेय मला."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? तू अशी बघत होतीस, जसं काही मी तुझंच काहीतरी पळवलंय."

 तेवढ्यात फोनमधून कुणाचातरी माइकवरचा आवाज आला, "हे वाद्य ज्यांनी घडवलं, ते आलेत का? जरा उभे राहा."

"नाही हो," त्याच्या बायकोचा आवाज अगदी जवळून आला. "कामावर आहेत."

सभागृहात पुन्हा टाळ्या सुरू झाल्या, आधीपेक्षा मोठ्या. त्यानं शर्टाचं वरचं बटण लावलं आणि रिकाम्या टेबलांच्या रांगांकडे तोंड करून तो उभा राहिला. टाळ्या थांबेपर्यंत तसाच, मान किंचित झुकवून.