कप्तान बदलल्यावर

“घट्ट बांध. पळताना सुटते ते,” घनश्याम म्हणाला, आणि दंडावरची लाल पट्टी सोडून त्याने जीवनच्या हातात ठेवली.

एवढंच. ना राग, ना टोमणा, ना कपाळावर एक आठी. जीवनला हे मुळीच आवडलं नाही. ज्या दिवसाची इतकी वर्षं वाट पाहिली, त्या दिवशी समोरच्याने निदान तोंड तरी पाडायला हवं होतं! पट्टी घनश्यामच्या घामाने ओली होती. भोवती बसलेली तुमसरच्या एकता क्रीडा मंडळाच्या फुटबॉल संघातली पोरं खाली मान घालून बुटांच्या नाड्यांशी खेळत राहिली.

कप्तान बदलायचा निर्णय मंडळाचे अध्यक्ष मधुकरराव यांचा होता. मधुकरराव निवृत्त पोस्टमास्तर, आणि बदलावर त्यांचा भारी विश्वास. गुडघा दुखला की ते डॉक्टर बदलत. शारदोत्सवाच्या मांडवात भाजी खारट झाली तेव्हा त्यांनी आचाऱ्याला ठेवलं आणि मांडववाला बदलला. मागच्या रविवारी वरठीच्या संघाने तुमसरवर पाच गोल चढवले, तेव्हा ते बसल्या खुर्चीतून उठले होते.

“पाच गोल! अन् पाचही मधातून! मधात कोन होता? कप्तान. मंग बदला कप्तान. डिफेन्स आपोआप सुधरते.”

तोंड मधुकररावांचं असलं तरी शब्द जीवनचे होते. राइस मिलच्या फाटकासमोरच्या टपरीवर गेली कित्येक वर्षं तो हेच सांगत आला होता. चहा कोणीही पाजो, विषय घनश्यामवर यायचाच.

दोघं एकाच शाळेतले, एकाच हंगामात मिलमध्ये लागलेले. पण घनश्याम वर मशीनवर ऑपरेटर झाला आणि जीवन खाली धान सोडायलाच राहिला. मैदानावरही तेच. घनश्याम गोलसमोर मध्ये उभा राहणारा स्टॉपर आणि कप्तान, जीवन डावी बाजू राखणारा बॅक. खरं तर टाळ्या पडायच्या त्या जीवनला. चाळिशीला टेकला तरी डाव्या रेषेने बॉल घेऊन तो असा सुटायचा की लोक मोटारसायकलींवर उभे राहून शिट्ट्या मारत. घनश्यामसाठी कोणी कधी शिट्टी मारली नाही. पण कप घ्यायला स्टेजवर जायचा घनश्याम. भाजीबाजारात सुंदरबाई त्याला ‘कप्तान’ म्हणून हाक मारायची आणि त्याच्या पिशवीत वरून चार काड्या कोथिंबीर टाकायची. जीवनच्या पिशवीत ती कधी पडली नाही. या चार काड्या त्याच्या डोळ्यांत जितक्या खुपल्या तितकं काहीच खुपलं नव्हतं.

कप्तान झाल्यावर तो मुद्दाम बाजारात गेला. सुंदरबाईने वांगी तोलता तोलता विचारलं, “आज कप्तान नाई दिसले जी?”

“कप्तान मीच आहो आता.”

“हो का? मंग घ्या ना बाप्पा सांबार,” म्हणत तिने जुडीतली कोथिंबीर तोडून टाकली.

घरी आल्यावर तृप्तीने पिशवी रिकामी केली. “फुकट भेटला का सांबार? मंग आता तर पोटदुखी थांबली ना तुमची?” ती हसून म्हणाली.

मागून घेतलेली कोथिंबीर जीवनला त्या दिवशी कडू लागली.

भंडाऱ्याची स्पर्धा सुरू झाली. पहिली मॅच मोहाडीशी. जीवनने आदल्या दिवशी पोरांना उभं करून भाषण दिलं, मागची फळी नव्याने लावली, आणि मॅचमध्ये तुमसरवर तीन गोल बसले. जिंकले, कारण चार केले. त्यातला एक जीवनचा. पण त्या गोलचा आनंद त्याला पुरता घेताही आला नाही. बॉल घेऊन तो डाव्या बाजूने सुटला होता, तेव्हा सवयीने मागे नजर गेली, आणि घनश्याम तळहात खाली दाबून दाखवत होता.

ती मिलची खूण. मशीन सुरू असताना कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळा कारभार हातांचा. तळहात खाली दाबला की थांब. वरून घनश्यामचा तळहात दिसला की खाली जीवनचा हात आपोआप धानाच्या झडपेवर जायचा आणि धान थांबायचं. तिथे ठीक होतं. पण हा मनुष्य मैदानावरही वर्षानुवर्षं तोच तळहात दाखवत आला होता! जणू मैदानही मिल आणि इथेही जीवन खालचाच. त्याने तो कधी मानला नाही. उलट तळहात दिसला की तो आणखी जोरात धावायचा.

“आता तू कप्तान नाई राहिला, घनश्याम,” मॅचनंतर त्याने सगळ्यांसमोर सुनावलं. “हात दाखवाचा असन तर मी दाखवीन.”

“बरं,” घनश्याम म्हणाला.

पुढच्या मॅचला जीवनने उजवा बॅक बदलला. गोल बसले. त्याने गोलकीपर तेजरामला झापलं, “झोपून राहिला का बे तिथी?” तरी गोल बसले. पुढच्या फळीतला सुगत दनादन गोल करत होता म्हणून संघ टिकून होता, नाहीतर केव्हाच घरी आला असता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, बॉल मागे आला की पोरं अजूनही घनश्यामकडे पाहत. पट्टी याच्या दंडावर, आणि नजरा तिकडे. जीवनच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

“तिकडं काय पाह्यता बे? कप्तान इकडं हाय!”

पोरं दचकून इकडे पाहत. तोवर बॉल गोलमध्ये असायचा.

सेमीफायनलच्या आधी सरावात त्याचा पाय मुरगळला. घोटा सुजून टम्म. त्याच्या जागी मोनूला घ्यावं लागलं. मोनू ई-रिक्षा चालवायचा आणि मैदानावरही तो सवारीशिवाय पुढे जात नाही असं सगळे म्हणत. मैदानाच्या मधली हाफ लाइन म्हणजे तालुक्याची हद्द असल्यासारखा तो तिच्यापाशी थबकायचा. हा डावीकडे उभा राहणार म्हणजे आज गोलांचा पाऊस, हे जीवनने धरूनच ठेवलं. पट्टी त्याने सुगतला बांधली. घनश्याम शेजारीच उभा होता, तरी मुद्दाम सुगतला.

मग तो रेषेबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय लांब करून बसला. आपल्या संघाची मॅच तो आयुष्यात पहिल्यांदाच बाहेरून पाहत होता. आत असताना त्याची पाठ नेहमी आपल्या गोलकडे असायची.

पवनीची पोरं चपळ होती. डावीकडून एक हल्ला आला. मोनू तिथे होताच, त्याने बॉल बाहेर ढकलला. पुन्हा आला, पुन्हा ढकलला. त्यात काही कला नव्हती, कोणी शिट्टीही मारली नाही. मधून आला तो घनश्यामने घेतला. पहिला हाफ कोरा गेला. दुसऱ्या हाफमध्ये सुगतने एक गोल केला, लोक नाचले, आणि जीवनच्या मनात आलं की आपल्यावरही एक तरी बसू दे. मी नसताना कोरं राहायला नको. मनात आलं ते त्याचं त्यालाच ऐकू आलं, आणि त्याने चोरट्यासारखं इकडेतिकडे पाहिलं.

गोल काही बसेना. का बसत नाही, हे शोधायला तो घनश्यामवर डोळे लावून बसला. आज हा काय वेगळं करतोय?

घनश्याम काहीच करत नव्हता. तो मध्ये उभा होता. बॉल डावीकडे गेला तरी मध्येच, उजवीकडे गेला तरी मध्येच. जीवनला आठवायला लागलं. तो स्वतः वर धावून बॉल गमावून परत यायचा, तेव्हा घनश्याम त्याला कुठे दिसायचा? डाव्या रेषेजवळ, धापा टाकत. ‘कप्तान असून जागेवर राह्यत नाई’ असं त्याने टपरीवर किती जणांना सांगितलं होतं. ती जागा जीवनची होती. जीवन वर गेला की घनश्याम ती बुजवायला जायचा, आणि मग मधलं रान मोकळं. पाचही गोल मधातून आले ते असे.

शेवटी शेवटी मोनूच्या पायात बॉल आला आणि समोर मोकळं मैदान. त्यालाही मोह झाला, दोन पावलं तो पुढे गेला. घनश्यामने तळहात खाली दाबला. मोनू थांबला. बस, इतकंच. शिट्टी झाली, तुमसर फायनलमध्ये.

घोट्यापेक्षा छातीत जास्त दुखत होतं. संघातलं भोक आपण होतो, आणि ते शिवणाऱ्याच्या नावाने आपण गावभर बोंब मारली. हे कळल्यावर माणसाला पश्चात्ताप व्हावा. जीवनला आधी आला तो राग. एवढं सगळं माहीत असून हा गप्प राहिला, म्हणजे इथेही हाच मोठा!

मधुकररावांनी झेंडूचा हार जीवनच्या गळ्यात घातला. “पाहा! मी काय म्हनलो होतो? दहा वर्षांत झालं नाई ते महिन्याभरात झालं. कप्तान बदलला, डिफेन्स सुधरला!”

टाळ्या पडल्या. घनश्यामही वाजवत होता, सगळ्यांत आधीपासून. जीवनने तोंड उघडलं. बोलायचं होतं ते जिभेवर होतंच. “सगळ्यांची मेहनत हाय,” तो म्हणाला, आणि हार नीट केला.

दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी मिलमध्ये दुपारची सुट्टी झाली, मशीन बंद झालं, आणि तो लंगडत जिना चढून वर गेला. घनश्याम डबा उघडून बसला होता. त्याची बायको तुळसा हिने दिलेली भाकर आणि लाखोरीची भाजी.

“काहून नाई सांगतलं मले?”

काय, असं घनश्यामने विचारलं नाही. त्याने घास खाली ठेवला आणि तळहात दाबून दाखवला. “रोज तर सांगत होतो.”

“तोंडानं काहून नाई सांगतलं?”

“तोंडानं सांगतलं असतं तर तू खेळनंच सोडलं असतं. तुले मी शाळेपासून वळखतो.” त्याने भाकरीचा तुकडा जीवनपुढे केला. “अन् तू वर गेला की आपले गोलबी होत होते ना. लोक तुलेच पाहाले येत. मी इतकी वर्सं कप्तान होतो, हाफ लाइन नाई वलांडली कदी. एकदा तुयासारखं सुटावं, असं लय वाटे. जळत होतो लेका तुयावर.”

जीवन भाकर हातात धरून उभा राहिला. आपला हेवा करणारा कोणी या जगात असेल, आणि तो हा असेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाजही वाटली.

फायनल पुन्हा वरठीशी होती. घोट्याची सूज उतरली होती. तृप्तीने सकाळीच त्याचे बूट पुसून ठेवले होते. मैदान माणसांनी भरलं होतं, मोटारसायकलींवर पोरं उभी होती, आणि मधुकरराव माइकवरून सांगत होते की आमचे कप्तान जीवनभाऊ आज परतले आहेत. शिट्ट्या सुरू झाल्या. त्या ऐकून जीवनचे पाय आपोआप शिवशिवले.

पोरं रिंगण करून उभी राहिली. त्याने अकरा नावं घेतली. डाव्या बॅकला आला तेव्हा जरा थांबला.

“मोनू.”

“अन् तू?” सुगतने विचारलं.

“मी बाहीर.” त्याने दंडावरची पट्टी सोडली. एका हाताने गाठ सुटेना, दातांनी ओढावी लागली. ती त्याने घनश्यामपुढे धरली.

“आता कायले?” घनश्याम म्हणाला.

“बाहीर बसलेल्याच्या हाताले चालत नाई. रेफरी बोंबलते,” जीवन खेकसला. मग त्याने स्वतःच ती घनश्यामच्या दंडाला बांधली. “घट्ट बांधली हाय.”

तो खुर्चीवर जाऊन बसला, पण बसवेना, म्हणून रेषेपाशी उभा राहिला. मन काही स्वच्छ झालं नव्हतं. मोनूच्या पायाला बॉल लागला की याचा पाय रेषेच्या आत पडायचा. ती डावी रेषा, तो मोकळा पट्टा, त्याच्या हक्काच्या शिट्ट्या. जळत होता तो. घनश्यामवर, मोनूवर, त्या लाल पट्टीवर. मधुकरराव दोनदा येऊन विचारून गेले, “अरे, तू काहून बाहीर? असा कोनता कप्तान असते का?” त्याने पायाकडे बोट दाखवलं.

मॅच रंगली. वरठीचा एक हल्ला मोडला, बॉल सुटून डावीकडे मोनूकडे आला आणि समोर सगळं मैदान मोकळं पडलं. लोक ओरडले, “जाय! जाय!”

मधून घनश्यामचा हात वर आला आणि तळहात खाली दाबला गेला.

मोनू थांबला. आणि रेषेबाहेर, कोणी पाहत नसताना, जीवन एक पाऊल मागे सरला.