संशयी फळा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फळा आहे आणि स्वभावाने पक्का संशयी आहे.

सुताराने उरलेल्या फळ्या जोडून मला घडवलं, काळा रंग दिला आणि एका शिंप्याच्या दुकानात टांगलं. कुणाचे कपडे कधी मिळणार, ते माझ्यावर लिहिलेलं असे. "उद्या नक्की!" असं शिंपी म्हणाला, की गिऱ्हाईक माझ्याकडे बघून नाक मुरडत असे. तिथेच मी शिकलो, की तोंडच्या शब्दावर भरवसा ठेवायचा नाही. पुढे शिंप्याने मोठं दुकान घेतलं, छापील पाटी आणली आणि मी त्याच्या घरी दाराआड येऊन पडलो. माझ्यावर धूळ साचली. ओल्या छत्र्या मला टेकून ठेवल्या जात. कोपरे फुगले.

शिंप्याला एक मुलगी होती, चिमणी. ती सतत पुस्तकात डोकं घालून बसायची. पिवळ्या पेनने ओळी रंगवून तिने पुस्तक पिवळंधमक केलं होतं. तरीही विज्ञानात ती गटांगळ्या खायची.

एकदा तिची मावशी आली. ती नर्सिंग कॉलेजात शिकवायची. ती म्हणाली, "अगं, पुन्हा पुन्हा वाचलं की ओळखीचं वाटतं. ओळखीचं म्हणजे आलेलं नव्हे! यावर खूप संशोधन झालंय. पुस्तक मीट, आठवेल ते लिही, मग चुका शोध. मध्ये काही दिवस जाऊ दे आणि पुन्हा आठव. आणि झोप पुरती घे."

चिमणीने मला बाहेर काढलं. ती लिहायची, पुस्तक उघडून पडताळायची आणि सगळं पुसून टाकायची. मला वाटलं, पुस्तक मिटून कुठे अभ्यास होतो का? पोरीला कामचुकारपणाची वाट सापडली! तिचे बाबाही दारातून तिरक्या नजरेने बघायचे. लवकर दिवा मालवते, पुस्तक बंद असतं. डाळीत काही काळं नव्हे, सगळी डाळच काळी!

आणि विज्ञानाच्या परीक्षेत तिला वर्गात दुसऱ्या क्रमांकाचे गुण मिळाले.

पहिली आलेली मुलगी नेमकी तिच्या शेजारच्या बाकावर होती. विज्ञानाच्या बाईंनी वर्गासमोरच संशय बोलून दाखवला आणि संध्याकाळी त्या थेट घरी आल्या. "राग मानू नका," त्या बाबांना म्हणाल्या, "पण एवढी उडी? तिने कॉपी केली असेल, तर हा पेपर रद्द होईल."

बाबा गप्पच राहिले. त्यांचं ते गप्प राहणं चिमणीला जास्त लागलं. तिचे डोळे भरून आले, पण तिने खडू उचलला.

"विचारा, बाई."

"हृदयातून रक्त कसं फिरतं, ते काढून दाखव."

ती काढू लागली. फुप्फुसाकडे जाणारा बाण तिने शरीराकडे वळवला. बाईंची भुवई वर गेली. मीही मनात म्हटलं, सापडली!

चिमणी एक पाऊल मागे सरली. "थांबा. इथे माझं नेहमी चुकतं." तिने बाण पुसून नीट काढला.

बाईंनी पुस्तकात नसलेला प्रश्न टाकला. "समजा, ही झडप नीट मिटलीच नाही तर?"

चिमणीने बाणावरून उलट्या दिशेने बोट फिरवलं. मग म्हणाली, "थोडं रक्त मागे फिरेल. हृदयाला तेच काम पुन्हा करावं लागेल. माणूस लवकर दमेल."

बाई खुर्चीत टेकल्या. "कॉपी करणाऱ्याला आपली चूक नेमकी कुठे होते, ते ठाऊक नसतं," त्या हळूच म्हणाल्या. "मी वर्गासमोर संशय घेतला होता, आता वर्गासमोरच माफी मागेन."

"मग सगळं पुसून का टाकायचीस गं?" बाबांनी ओशाळून विचारलं.

"समोर दिसत असेल, तर आठवायचं काय, बाबा?"

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला भिंतीवर टांगून नवा रंग दिला.

मित्रांनो, तुमच्या घरी असा फळा असेल, तर त्याला कोरड्या फडक्याने पुसा. ओल्याने लाकूड फुगतं. आणि एखादा धडा वाचून "हे तर मला येतंच" असं वाटलं, की जरा संशय घ्या. माणसांवर नको, त्या वाटण्यावर घ्या. पुस्तक मिटा आणि खडू उचला.