कलिंगडाच्या टेबलामागे

वॉन्डा गाडीतून उतरेना. मी इंजिन बंद केलं, किल्ली पर्समध्ये टाकली, आरशात पाहून केस नीट केले, तरी ही आपली पट्टा लावूनच बसलेली. मांडीवर लॅपटॉपची पिशवी आणि तिच्यावर दोन्ही हात घट्ट.

"चल गं," मी म्हटलं. "कोच डगन आधी पोचला तर चॉकलेटचे डोनट विसर."

"लिनेट, मला मळमळतंय."

"सकाळी काही खाल्लंस का?"

"खाल्लं असतं तर एव्हाना बाहेर आलं असतं."

ऑगस्टमधली सकाळ होती. मुलांची शाळा पुढच्या आठवड्यात उघडायची होती आणि त्याआधी आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. आमच्याकडची रीत अशी की, उन्हाळ्यात ज्याला शाळेने एखाद्या शिबिराला धाडलं, त्याने परत येऊन तिथे शिकलेलं बाकीच्यांना शिकवायचं. बाकीचे तेव्हा वह्यांवर नावं घालतात, विणकाम करतात किंवा उघड्या डोळ्यांनी झोपतात. मी भूमिती शिकवते. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज सांगितली म्हणून आजवर कुणाचे आईबाप माझ्याशी भांडायला आलेले नाहीत. वॉन्डा क्रेमर अमेरिकेचा इतिहास शिकवते. तिचं तसं नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या राज्यात कायदा झाला. इतिहास शिकवताना कुठल्याही मुलाला आपल्या वंशाबद्दल अपराधी वाटेल असं काही बोलायचं नाही. कुणाला काय वाटेल हे आधी कसं ओळखायचं, ते मात्र कायद्यात कुठे लिहिलेलं नाही. शेजारच्या काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, एका मास्तरांना एकाच तक्रारीवर घरी बसवलं. तेव्हापासून वॉन्डा वर्गाचं दार उघडं टाकून शिकवू लागली, म्हणजे बाहेरून जाणाऱ्या कुणाला ती काही लपवते आहे असं वाटू नये. त्यात येत्या नोव्हेंबरात तिच्या नवऱ्याच्या, एर्लच्या, हृदयाचं ऑपरेशन होतं. एर्लचं दुकान केव्हाच बंद पडलेलं, त्यामुळे विमा काय तो हिच्या नोकरीचा. नोकरी गेली की विमा गेला. एवढं सरळ गणित होतं आणि ते मलाही घाबरवत होतं.

जूनमध्ये ती इतिहासाच्या शिक्षकांच्या शिबिराला गेली आणि आली ती वेगळीच होऊन. कितीतरी वर्षांनी तिला असं भरभरून बोलताना मी ऐकलं. तिथे त्यांना जुना फोटो कसा वाचायचा ते शिकवलं होतं. आधी विचारायचं, काय दिसतं? मग, काय वाटतं? मग, काय जाणून घ्यावंसं वाटतं? शिक्षकाने फक्त विचारायचं. उत्तर द्यायचं नाही, खूणसुद्धा करायची नाही. आणि फोटो पुस्तकातला चालत नाही, आपल्याच काउंटीतला शोधून आणायचा.

वॉन्डाने शोधला. काउंटीच्या वस्तुसंग्रहालयात एका खोक्याच्या तळाशी. रेल्वे स्टेशनचा फलाट, बोचकी घेतलेली काळी माणसं, कडेवर पोरं, आणि त्यांच्याभोवती टोप्या घालून उभे असलेले आमच्या गावचे बाप्ये. साधारण शंभर वर्षांपूर्वीचा. आमच्या काउंटीत काळी माणसं राहत नाहीत, हे आम्ही हवापाण्यासारखं धरून चाललो होतो. कधीकाळी राहत होती आणि एका संध्याकाळी त्यांना गाडीत बसवून दिलं, हे मला वॉन्डाने जुलैत माझ्या अंगणात बसून सांगितलं. दोन आठवडे ती त्या माणसांच्या चर्चची जुनी कागदपत्रं वाचत होती.

"तो फोटो दाखवणार आहेस?" आता गाडीत मी विचारलं.

"वेड लागलंय का? घरी आहे तो, टेबलक्लॉथांच्या खाली." तिने पिशवी थोपटली. "हा दुसरा आहे. चार जुलैचा, स्वातंत्र्यदिनाचा मेळावा, कोर्टासमोरच्या हिरवळीवर. झेंडे आहेत, कलिंगडं आहेत. आणि कलिंगड कापतोय तो हॉलिसचा आजोबा. हॉलिस खूश होईल."

हॉलिस ट्रिम्बल म्हणजे आमच्या शाळा मंडळाचा अध्यक्ष. कोर्टाच्या पूर्वेला त्याचं बी-बियाण्यांचं आणि पशुखाद्याचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. दरवर्षी या दिवशी तो येतो, चार शब्द बोलतो, दोन डोनट खातो आणि आमच्याकडे शेतातल्या मजुरांकडे पाहावं तसं समाधानाने पाहतो. माणूस वाईट नाही. पण शेजारच्या काउंटीतल्या त्या मास्तरांना घरी बसवलं तेव्हा तो भर सभेत म्हणाला होता, "बरं झालं. आमच्याकडे अशी वेळ येणार नाही."

"मग झालं तर," मी म्हटलं. "कलिंगडाला कोण घाबरतं? उतर."

कॅफेटेरियात निम्मे लोक आधीच पसरून बसले होते. मुख्याध्यापक कर्टिस बॉइड हा वॉन्डाचाच जुना विद्यार्थी. तिच्यासमोर अजूनही त्याचे हात आपोआप पाठीमागे जातात. "या बाई," तो म्हणाला, "आता तुमचंच राज्य." पहिल्याच बाकावर हॉलिस, दुकानाची हिरवी टोपी गुडघ्यावर. त्याच्यामागे कोच डगन. हा फुटबॉल शिकवतो आणि उरलेल्या वेळात आरोग्यशास्त्र. कडेला एकटी बसलेली रेनी ओडम, रसायनशास्त्राची नवी शिक्षिका. शहरातून आली होती, पंधरवड्यापूर्वीच. खोलीतली एकटीच काळी. आम्ही सगळे तिच्याशी जरा जास्तच गोड बोलत होतो.

फोटो पडद्यावर आला. वॉन्डाचा आवाज पहिल्याच वाक्याला चिरकला. तिने पाण्याचा घोट घेतला. "काय दिसतं तेवढंच सांगायचं. मत नको. अंदाज नको. चला, तुम्ही आठवीतली मुलं आहात असं समजा."

"आठवीतलं पोर आहे म्हणजे मला बाथरूमला जायचंय," कोच डगन म्हणाला. खोली हसली.

मग उत्तरं येऊ लागली. झेंडे. टोप्या. बायकांचे पांढरे झगे. कलिंगडं. कुत्रा.

"कुत्र्याचं लक्ष कलिंगडाकडे नाही," डगन म्हणाला, "त्या बाईच्या बुटाकडे आहे."

"आणि तो सुरीवाला माझा आजोबा," हॉलिस म्हणाला. त्याने मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. "मिशी बघा. अख्ख्या काउंटीत तशी नव्हती."

टाळ्या पडल्या. वॉन्डाने माझ्याकडे पाहिलं आणि सकाळपासून पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले. मी अंगठा दाखवला. सुटलो, असं मला खरंच वाटलं.

"अजून काय दिसतं?" तिने विचारलं. हे तिने विचारायलाच नको होतं. पण पद्धत अशी होती की उत्तरं संपली असं वाटलं, की एकदा पुन्हा विचारायचंच.

डगन पुढे वाकला. सामन्यांची चित्रफीत पुन्हापुन्हा लावून दर शनिवारी कानाकोपरे बघणारा माणूस तो. "मागे काहीतरी आहे. कलिंगडाच्या टेबलामागे, झाडाच्या वर. मनोरा. आत घंटा दिसतेय. चर्च आहे ते." त्याने डोकं खाजवलं. "पण कोर्टाच्या पूर्वेला चर्च कुठलं? तिथे तर हॉलिस, तुमचं दुकान."

डगनच्या मनात काही नव्हतं. कोडं सुटलं की पोर आनंदाने ओरडतं, तसा तो बोलून गेला. मी वॉन्डाकडे पाहिलं. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. इतक्या वेळा तिने तो फोटो पाहिला असेल, पण पाहताना तिला फक्त हॉलिसचा आजोबा हवा होता. मनोरा तिने पाहिलाच नव्हता.

"दारात माणसं उभी आहेत," रेनी ओडम म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलली होती. आवाज अगदी साधा. "मनोऱ्याच्या खाली, दारात. बाकीच्यांसारखे तेही सणाचे कपडे घालून आलेत. पण हिरवळीवर आलेले नाहीत. दिसायला माझ्यासारखे आहेत."

कुणीतरी खुर्ची सरकवली. कर्टिसचे हात पाठीमागे गेले.

"काय जाणून घ्यावंसं वाटतं, हेही आता सांगायचं का?" रेनीने विचारलं.

वॉन्डाने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

"कोण होते ते? आणि गेले कुठे?"

माझी ना नोकरी धोक्यात होती, ना नवरा. तरी मी पर्समधली किल्ली चाचपली. वॉन्डाने टेबलाची कड धरली होती.

"या पद्धतीत," ती म्हणाली आणि थांबली. "या पद्धतीत शिक्षक उत्तर देत नाही."

"बरोबर, बरोबर," कर्टिस घाईघाईने म्हणाला. "छान झालं बाई. फार छान. आता आपण सगळे कॉफी घेऊ." बिचाऱ्याने तिच्यासाठी दार उघडून दिलं होतं. लोक उठलेसुद्धा. इतक्या चटकन उठले की, आपल्याला काही ऐकायचं नाही हे सगळ्यांना आधीपासूनच ठाऊक असावं. एकटी रेनी उठली नाही. ती फोटोकडे बघत बसून राहिली.

वॉन्डाने तिच्याकडे पाहिलं. मग ती आम्हा सगळ्यांच्या पाठींना म्हणाली, "बेथेल चर्च."

आवाज एवढासा होता, तरी ऐकू गेला.

"बेथेल मेथडिस्ट, काळ्या माणसांचं चर्च. या फोटोनंतरच्या ऑक्टोबरात गावातली माणसं बंदुका घेऊन त्यांच्या घरोघर गेली. संध्याकाळच्या गाडीने जा म्हणाली. ते गेले. परत कुणी आलं नाही. चर्च पुढच्या वर्षी पाडलं."

हॉलिस वळला. टोपी त्याच्या हातात होती. "आणि जागा?"

"हॉलिस, ते तुम्हाला ठाऊक आहे."

"मी तुला विचारतोय."

"तुमच्या आजोबांनी घेतली. लिलावात दुसरं कुणी बोली लावली नाही."

मी मनातल्या मनात एर्लचं ऑपरेशन कुठल्या तारखेला आहे ते आठवू लागले.

हॉलिस तिच्या टेबलापर्यंत आला. सत्तरी ओलांडलेला माणूस, चालताना एक गुडघा धरतो. "माझ्या तिन्ही पोरी तुझ्या हाताखालून गेल्या, वॉन्डा. त्यांना हे कधी सांगितलंस?"

"तेव्हा मलाही एवढं ठाऊक नव्हतं. थोडं ऐकून होते."

"ते थोडंही सांगितलं नाहीस."

"नाही."

"का?"

मी तिला अठरा वर्षं ओळखते. कुठल्याही प्रसंगातून गोड बोलून निसटणारी बाई ती. आताही एखादं वाक्य सापडलं असतं तिला. मी मनातून तेच मागत होते.

"तुमची भीती वाटत होती," ती म्हणाली. "अजून वाटते."

मला वाटलं हॉलिस ओरडेल. ओरडला असता तर सोपं गेलं असतं. हे उत्तर आपल्याला बरं वाटलं की लागलं, तेच त्याला ठरवता येत नसावं, असा काहीसा त्याचा चेहरा होता. आयुष्यभर लोक आपल्याला मान देतात असं त्याने समजलं होतं. मग त्याने टोपी घातली आणि दाराकडे निघाला. कर्टिस त्याच्यामागे दोन पावलं गेला आणि थांबला. मंडळाची सभा मंगळवारी होती. ते सगळ्यांच्या डोक्यात एकदमच आलं असणार, कारण कुणी कुणाकडे बघेना.

तेव्हा रेनी ओडमने हात वर केला. वर्गात मुलं करतात तसा.

"बाई," ती म्हणाली, "त्यांची नावं राहिली आहेत का कुठे?"

वॉन्डाने लॅपटॉपला हात लावला नाही. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एफी टॉलिव्हर," ती म्हणाली. "धुणं धुवायची. तिची मुलगी मे. जोसाया पेनिक, घोड्यांना नाल मारायचा. त्याची बायको क्लिओटा, आणि तिची म्हातारी आई, तिला खुर्चीत बसवून स्टेशनवर नेलं होतं. ऑस्कर बास आणि त्याचे भाऊ. बासांचं मक्याचं शेत नदीकाठी होतं."

डगनने कॉफीचा कप तसाच ठेवला आणि खाली बसला. मग विणकामवाल्या बसल्या. मीही बसले. कर्टिस भिंतीला टेकून उभा राहिला. उद्या इथे काय बोललं गेलं असं कुणी विचारलं तर सांगावं लागणार, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तरी त्याने तिला थांबवलं नाही.

दार लागल्याचा आवाज आला नाही म्हणून मी मागे पाहिलं. हॉलिस ट्रिम्बल उंबऱ्यात होता. आमच्याकडे पाठ, एक हात दाराच्या दांड्यावर. बाहेर त्याची गाडी उन्हात तापत उभी होती. तो बाहेर जात नव्हता आणि आतही येत नव्हता.

वॉन्डाला तो दिसत होता. ती मध्येच अडखळली, ओठ कोरडे पडले होते ते ओले केले, आणि पुढचं नाव घेतलं.

त्याने डोक्यावरची टोपी काढली.